चौकांतील शिल्प : पैसा कोणाचा, हात कोणाचे ?

चौकांत उभा असलेला पुतळा पाहिला म्हणजे ‘हा कोणाचा?’ असा प्रश्न लहान मूलसुद्धां विचारतें. परंतु हा पुतळा कोणाच्या पैशानें उभा राहिला आणि कोणाच्या हातांनीं घडला, हे दोन प्रश्न मोठीं माणसेंहि क्वचितच विचारतात. चौथऱ्यावरील शिळेवर ज्यांच्या हस्तें अनावरण झालें त्यांचें नांव ठळक अक्षरांत कोरलेलें असतें. ज्यानें माती मळून तो चेहरा घडविला त्याचें नांव पुष्कळदां कोपऱ्यांत शोधावें लागतें. ज्यांनीं धातूचा रस ओतला त्यांचें तर कोठेंच नसतें. प्रस्तुत लेखांत याच दोन उपेक्षित प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

हा विषय आपणांस परका नाहीं. पंचगंगेचा पूल ओलांडून पुणें–बंगळूर रस्त्यानें पुढें गेलें कीं शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. तेथील फौंड्र्यांत भट्ट्या पेटतात, वाळूचे साचे भरले जातात आणि बिडाचा लालभडक रस त्यांत ओतला जातो. आपल्या वाचकांपैकीं अनेकांचे वडील, काका किंवा थोरले बंधु त्या वसाहतींत काम करीत असतील. यंत्रांचे भाग ओतणारा मोल्डर आणि ब्राँझचा पुतळा ओतणारा कारागीर हे एकाच कुळांतले होत. दुसरीकडे, ज्या घरांतील मूल वहीच्या मागच्या पानावर चित्रें काढीत बसतें, त्या घरांत ‘चित्रकलेनें पोट भरत नाहीं’ हें वाक्य हमखास ऐकूं येतें. तें वाक्य खरें ठरणार कीं खोटें, हें मुलाच्या हातावर जितकें अवलंबून आहे तितकेंच, समाज शिल्पासाठीं पैसा कसा जमवितो व कसा वांटतो, यावरहि अवलंबून आहे. म्हणून विद्यार्थ्यांबरोबर पालकांनींहि हा लेख वाचावा, अशी विनंति आहे.

१. राजाश्रय

पूर्वीं मोठ्या शिल्पांचा खर्च बहुधा राजे करीत. कोल्हापूरशीं निगडित असें याचें उत्तम उदाहरण म्हणजे पुण्याचा श्रीशिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा होय. त्याची कल्पना छत्रपति शाहू महाराजांची. त्यांनीं व ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनीं पुढाकार घेऊन १९१७ सालीं शिवस्मारकासाठीं संस्था स्थापन केली. १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं इंग्लंडच्या युवराजांच्या हस्तें कोनशिला बसली. परंतु पुढील वर्षीं, ६ मे १९२२ रोजीं, शाहू महाराज निवर्तले. १९२५ सालीं माधवराव शिंदेहि गेले. आश्रयदाते गेले म्हणजे काम अडतें. या कामाचा भार राजाराम महाराजांनीं उचलला म्हणून तें तडीस गेलें.

काम प्रथम प्रसिद्ध शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांजकडे सोंपविलें होतें. पुढें तें विनायक पांडुरंग करमरकर या तरुण शिल्पकाराकडे आलें. करमरकर हे अलिबागजवळच्या सासवणें गांवचे. गांवांतील देवळाच्या भिंतीवर त्यांनीं काढलेलें चित्र पाहून रॉथफील्ड नांवाच्या कलेक्टरांनीं या मुलाचे गुण ओळखले व त्याच्या मुंबईंतील कलाशिक्षणास साहाय्य केलें. तोच मुलगा मोठा होऊन एवढ्या मोठ्या कामास उभा राहिला. सुमारें साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा एकसंध ओतावयाचा होता. तें काम मुंबईस माझगांव डॉकमध्यें, म्हणजे जहाजांच्या कारखान्यांत, झालें. आणि तेथून पुतळा रेल्वेनें पुण्यास आला. १६ जून १९२८ रोजीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं त्याचें अनावरण केलें.

या हकीकतींत दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पैसा राजांचा असला तरी हात कोंकणांतील एका खेड्यांतले होते. आणि शिल्पकाराची प्रतिभा कितीहि मोठी असली तरी कारखान्यांतील ओतकाम करणाऱ्यांवांचून ती मातीच्या नमुन्यांतच राहिली असती. राजाश्रयाचा दोषहि येथेंच दिसतो. सर्व भार एकदोन व्यक्तींवर असल्यामुळें त्या व्यक्ति जातांच कामाचा पाया हलतो.

२. लोकाश्रय : कोल्हापूरचे दोन चौक

ज्या गव्हर्नर विल्सन यांनीं पुण्याच्या पुतळ्याचें अनावरण केलें, त्यांचाच एक पुतळा पुढें कोल्हापुरांत, आज ज्यास शिवाजी चौक म्हणतात त्या ठिकाणीं, उभारण्यांत आला. लोकांनीं तो मागितलेला नव्हता. स्वातंत्र्याच्या चळवळींत जनतेचा रोष त्या पुतळ्यावर झाला व अखेर तो तेथून नाहींसा झाला. त्याच जागीं १९४५ सालीं श्रीशिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. त्या कामीं चित्रपट-दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांनीं पुढाकार घेतला आणि मूर्ति घडविली कलामहर्षि बाबूराव पेंटर यांनीं. बाबूराव हे कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यांतले. सुतारकाम, रंगकाम, नाटकांचे पडदे, मूर्ति आणि पुढें चित्रपट, इतक्या कला त्यांच्या हातांत एकवटल्या होत्या. एकाच चौकांतील हे दोन पुतळे आपणांस फार मोठा धडा देतात. जें शिल्प लोकांच्या मनाविरुद्ध वरून लादलें जातें, तें चौथऱ्यावर असूनहि सार्वजनिक नसतें. जें लोकांच्या इच्छेंतून उगवतें, त्याचें रक्षण लोकच करतात.

दुसरें उदाहरण बिंदु चौकाचें. तेथें भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानें महात्मा जोतीराव फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसविण्यांत आले. ९ डिसेंबर १९५० रोजीं हा समारंभ झाला. त्या वेळीं बाबासाहेब हयात होते. त्यांच्या हयातींत उभारलेला पुतळा म्हणून त्याची ख्याति आहे. तो घडविणारे बाळ चव्हाण हे कोल्हापूरचेच शिल्पकार. बागल स्वतः चित्रकार होते, त्यामुळें कलावंताचें मोल त्यांना सांगावें लागत नव्हतें. येथें प्रचंड अश्व नाहीं, राजांची देणगी नाहीं. परंतु गांवांतील कलावंताच्या हातचें साधें काम योग्य वेळीं योग्य जागीं उभें राहिलें, म्हणजे तें इतिहासांत कसें अढळ होतें, हें या चौकांत दिसतें.

३. वर्गणीची रीत

लोकाश्रयाचें नित्य परिचयाचें रूप म्हणजे वर्गणी. गणेशोत्सवापूर्वीं मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात, पेठेंतील दुकानदार यथाशक्ति रक्कम देतात आणि त्यांतून मूर्ति ठरते. ती मूर्ति शाहूपुरी, गंगावेश किंवा बापट कँप येथील कुंभारांच्या हातून घडते. त्याचप्रमाणें बेंदराच्या दिवसांत कुंभाराकडील मातीचे बैल घरोघर येतात. मुलें त्यांचीं शिंगें रंगवितात, अंगावर झूल चितारतात. विचार केला तर रंगविलेल्या शिल्पाची परंपरा आपल्याकडे नवी नाहीं, आणि स्थानिक कारागिरास स्थानिक पैशानें काम देण्याची रीतहि नवी नाहीं. उणीव एवढीच कीं, हें सर्व काम हंगामी आहे. मूर्तीचें विसर्जन होतें, मातीचे बैल भंगतात, आणि कुंभाराचें नांव पावतीवर किंवा फलकावर कोठेंच येत नाहीं.

वर्गणीच्या बाबतींत पवित्र शास्त्रांतील एक प्रसंग मननीय आहे. निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडप उभारण्याची हकीकत आहे. मोशेनें लोकांना स्वेच्छेनें देणगी आणण्यास सांगितलें. कोणी सोनें आणलें, कोणी तांबें, कोणी सूत, कोणी कातडें. स्त्रियांनीं आपल्या हातांनीं कातून आणलें. कामाची जबाबदारी बसालेल व अहलियाब या दोन कारागिरांवर होती, आणि त्यांचीं नांवें शास्त्रांत आदरानें लिहून ठेविलीं आहेत. कांहीं दिवसांनीं त्याच कारागिरांनीं येऊन सांगितलें कीं, कामास लागतें त्याहून अधिक जमलें आहे. तेव्हां मोशेनें, आतां कोणीं कांहीं आणूं नये, अशी दवंडी पिटविली. सार्वजनिक कामाचे तीन नियम या एका कथेंत आहेत. देणगी खुषीची असावी. कारागिराचें नांव लपूं नये. आणि पुरेसें जमल्यावर हात आंखडता घ्यावा व हिशेब सांगावा. तिसरा नियम पाळणारी मंडळी सर्व काळीं थोडींच.

४. रंगविलेल्या शिल्पांची नवी पद्धति

गेल्या कांहीं वर्षांत जगांतील शहरांत एक निराळी पद्धति रूढ झाली आहे. स्वित्झर्लंडांतील झुरिच शहरांत १९९८ सालीं फायबरच्या पूर्ण आकाराच्या गायी कलावंतांकडून रंगवून रस्त्यांत मांडण्यांत आल्या. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील शिकागो शहरानें ही कल्पना उचलली व तीनशेंहून अधिक गायी आपल्या रस्त्यांत उभ्या केल्या. प्रदर्शन संपल्यावर कांहीं गायींचा लिलाव झाला आणि लक्षावधि डॉलर धर्मादाय कार्यासाठीं जमले. २००७ पासून हॉलंडमधील रॉटरडॅम येथून हत्तींची अशीच मिरवणूक सुरू झाली. सुरुंगाच्या स्फोटांत पाय गमावलेल्या मोशा नांवाच्या थायलंडांतील हत्तिणीच्या पिलाची कथा तिच्या मुळाशीं आहे. २०१८ सालीं हीच मिरवणूक मुंबईस आली. तेव्हां १०१ रंगविलेले हत्ती शहरांत निरनिराळ्या ठिकाणीं मांडले होते, आणि हत्तींच्या जाण्यायेण्याचे जंगलमार्ग रक्षिण्यासाठीं त्यांतून निधि उभारावयाचा होता.

या पद्धतीचें कार्य पुढीलप्रमाणें चालतें. प्रथम एक संयोजक संस्था एकच आकार निवडते. गाय, हत्ती, घुबड, जें त्या गांवाच्या जिव्हाळ्याचें असेल तें. त्या आकाराच्या कोऱ्या पांढऱ्या प्रति साच्यांतून काढतात. मग वर्तमानपत्रांतून कलावंतांना आवाहन करतात. कलावंतांनीं आपलीं रेखाटनें पाठवावयाचीं. या रेखाटनांतून एक एक कारखानदार, व्यापारी किंवा संस्था आपणांस आवडेल तें निवडते व त्या एका शिल्पाचा खर्च उचलते. त्यास आश्रयदाता म्हणतात. कलावंतास मानधन मिळतें, आश्रयदात्याचें नांव चौथऱ्यावर येतें, आणि नागरिक कांहीं आठवडे गल्लोगल्लीं शिल्पें शोधीत हिंडतात. शाळांनाहि लहान प्रति रंगविण्यास देतात. शेवटीं लिलाव होतो आणि त्याचें उत्पन्न रुग्णालय, अनाथाश्रम किंवा वन्य प्राणी यांच्या कामीं लागतें.

हिचा मोठा गुण असा कीं, एकच प्रचंड रक्कम एका पुतळ्यावर खर्चण्याऐवजीं ती पुष्कळ हातांत वांटली जाते. एका कलावंताऐवजीं पन्नास कलावंतांना काम मिळतें. त्यांत नामवंत चित्रकाराबरोबर नुकताच शिक्षण संपविलेला मुलगाहि असतो. दोषहि आहेतच. आकार बाहेरून तयार होऊन येतो, तेव्हां स्थानिक मूर्तिकारास कामच उरत नाहीं. फक्त रंगाऱ्यास उरतें. कित्येकदां ‘तुम्हांस प्रसिद्धि मिळेल’ असें सांगून कलावंताकडून फुकट काम करून घेण्याचाहि मोह होतो. गवंड्यास कोणी असें सांगत नाहीं. मग चित्रकारासच कां सांगावें?

५. एका शिल्पाचा हिशेब

पैसा कसा वांटला जातो, हें आंकड्यांवांचून समजत नाहीं. म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडूं. समजा, आश्रयदात्यानें एका शिल्पासाठीं १,००,००० रुपये दिले. त्यांतून :

कोरा आकार साच्यांतून काढण्यास — ३५,००० रुपये
कलावंताचें मानधन — २५,००० रुपये
रंग व उन्हापावसापासून रक्षण करणारा वरचा लेप — ८,००० रुपये
चौथरा, नामफलक व वाहतूक — १७,००० रुपये
डागडुजी व विमा — १०,००० रुपये
माहितीपत्रक, हिशेबतपासणी व किरकोळ — ५,००० रुपये

एकूण १,००,००० रुपये. आंकडे केवळ समजुतीसाठीं आहेत; प्रत्यक्षांत ते बदलतील. परंतु कोणत्याहि योजनेचा हिशेब वाचतांना तीन ओळी आधीं पाहाव्या. पहिली, कलावंताचें मानधन निराळें दाखविलें आहे काय, आणि तें लिलावाच्या यशावर अवलंबून न ठेवतां आगाऊ ठरविलें आहे काय? दुसरी, डागडुजीसाठीं कांहीं राखून ठेविलें आहे काय? तिसरी, धर्मादायास जाणारी रक्कम कशांतून येते? आश्रयदात्याच्या पैशांतून खर्च भागला आणि लिलावाचें सर्व उत्पन्न धर्मादायास गेलें, तर व्यवहार स्वच्छ राहतो. दोन्ही रकमा एकाच थैलींत पडल्या, तर रुग्णाच्या नांवावर मंडपाचें भाडें फिटण्याचा संभव असतो.

डागडुजीची ओळ किती महत्त्वाची आहे, हें नुकतेंच महाराष्ट्रानें पाहिलें. मालवणास राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं अनावरण झालेला श्रीशिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं, म्हणजे नऊ महिन्यांच्या आंत, कोसळला. सर्व मराठी मनांस त्याचें दुःख झालें. शिल्प म्हणजे नुसता चेहरा नव्हे. आंतील सांगाडा, जोड, पाया, वारा आणि खारी हवा यांचेंहि तें गणित असतें. म्हणून शिल्पकाराबरोबर अभियंत्याचा मोबदला व पुढील तपासणीचा खर्च हेहि हिशेबांत पहिल्यापासून धरले पाहिजेत.

६. कारखानदारीचा पैसा आणि कायदा

आज राजे नाहींत, परंतु कारखाने आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर सामाजिक उत्तरदायित्वाचें बंधन घातलें आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटि रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटि रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यास लावावी, असा नियम आहे. त्या कार्यांच्या यादींत शिक्षण व आरोग्य यांबरोबर कलाकृतींचें जतन आणि पारंपरिक कला व हस्तव्यवसाय यांचा विकास यांचाहि समावेश आहे. मात्र स्वतःच्या मालाची जाहिरात करण्यासाठीं दिलेला पैसा या सदरांत धरतां येत नाहीं. तेव्हां गायीच्या पाठीवर आपल्या तेलाच्या डब्याचें चित्र काढवून घेणाऱ्यानें तो खर्च जाहिरातीच्याच खातीं लिहावा.

शिरोलींतील पुष्कळ फौंड्र्या लहान आहेत. हा नियम त्यांस लागू होणार नाहीं. तथापि लहानांनीं एकत्र येण्यास कोणाचीहि आडकाठी नाहीं. उद्योजकांची ‘स्मॅक’ ही संघटना येथें आहेच. अशा संघटनेमार्फत दहा लहान कारखाने मिळून एका शिल्पाचे आश्रयदाते होऊं शकतात. आणि आश्रय केवळ रोख रकमेनेंच द्यावा असें नाहीं. एखाद्यानें धातु द्यावा, दुसऱ्यानें पॅटर्न करून द्यावा, तिसऱ्यानें क्रेन व मालमोटार द्यावी. हींहि देणगीच होय. निवासमंडपासाठीं सूत आणणाऱ्याची देणगी सोनें आणणाऱ्याच्या देणगीशेजारींच लिहिलेली आहे.

जागेविषयींहि नियम आहेत. १८ जानेवारी २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, सार्वजनिक रस्ते, पदपथ व लोकोपयोगी जागा यांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊं नये, असा आदेश राज्यांस दिला. आपल्या राज्यांत पुतळ्याचा मातीचा नमुना कलासंचालनालयाकडून संमत करून घ्यावा लागतो. हे नियम कोणास जाचक वाटतील; परंतु रस्ता मोकळा राहावा व थोर पुरुषाची ओबडधोबड प्रतिमा उभी राहूं नये, हाच त्यांचा हेतु आहे. म्हणून शिरोलीसारख्या ठिकाणीं शिल्प उभारावयाचें झाल्यास तें कारखान्याच्या आवारांत, शाळेच्या पटांगणांत किंवा उद्यानांत, रस्त्यावरून दिसेल असें, उभारणें श्रेयस्कर. शिवाय २०१९ च्या पुरांत पंचगंगेचें पाणी याच भागांत महामार्गावर आलें आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. तेव्हां चौथऱ्याची उंची व पाया ठरवितांना नदीलाहि विचारलें पाहिजे.

७. कलावंताचा हक्क

मानधन दिलें म्हणजे कलावंताशीं नातें संपलें, असें पुष्कळांस वाटतें. कायदा तसें मानीत नाहीं. दिल्लींतील विज्ञान भवनांत अमरनाथ सेहगल या शिल्पकारानें ब्राँझचें एक भव्य भित्तिशिल्प केलें होतें. १९७९ सालीं इमारतीच्या दुरुस्तींत तें काढून वखारींत टाकण्यांत आलें व त्याची नासधूस झाली. सेहगल न्यायालयांत गेले. शिल्पाची किंमत सरकारनें पूर्वींच दिली होती. तरीहि २००५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, कृति विकली गेली तरी तिची विटंबना होऊं नये हा कर्त्याचा नैतिक हक्क शिल्लक राहतो. न्यायालयानें शिल्पाचे अवशेष त्यांस परत करविले आणि पांच लक्ष रुपये नुकसानभरपाई देवविली. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांतील ५७ वें कलम या निर्णयाच्या मुळाशीं आहे.

यावरून करार लेखी असावा, हें उघड होतें. त्यांत मानधन किती व केव्हां, शिल्पावर कलावंताचें नांव कोठें, लिलाव झाल्यास त्यास कांहीं वांटा आहे काय, कृतीच्या चित्रांचीं दिनदर्शिका किंवा भेटकार्डें छापल्यास परवानगी कोणाची, आणि पुढें जागा बदलावयाची झाल्यास कलावंतास कळवावयाचें कीं नाहीं, एवढ्या गोष्टी स्पष्ट लिहिल्या, तर पुढील कटुता टळते. आपला पाल्य कलेच्या मार्गास लागला असेल, तर पालकांनीं त्यास रंगाच्या पेटीबरोबर करार वाचण्याचीहि संवय लावावी.

८. शिरोलीच्या भट्ट्या

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. असें काम आपल्या परिसरांत होण्यासाठीं काय लागतें आणि आपणांपाशीं काय आहे?

ब्राँझचा पुतळा ओतण्याची रीत अशी. शिल्पकार प्रथम मातीचा नमुना करतो. त्यावरून साचा घेऊन त्या साच्यांत मेणाची पातळ प्रत काढतात. मेणाभोंवतीं उष्णता सहन करणाऱ्या द्रव्याचें जाड वेष्टण देतात. तें तापविलें म्हणजे मेण वितळून बाहेर जातें व आंत पोकळी राहते. त्या पोकळींत ब्राँझचा, म्हणजे तांबें व कथील यांच्या मिश्रणाचा, रस ओततात. थंड झाल्यावर वेष्टण फोडून, रस जाण्याचे मार्ग कापून, घासून-ठोकून पुतळा साफ करतात. आपल्या फौंड्रींतील कामगारास यांत अनोळखी असें थोडेंच आहे. लांकडी पॅटर्नवर वाळू दाबून साचा करणें, पोकळ भागासाठीं कोअर बसविणें, रस कोठून शिरावा व हवा कोठून निघावी हें ठरविणें, कास्टिंग निघाल्यावर त्याचें फेटलिंग करणें, ही सर्व त्याची रोजची विद्या. ब्राँझ तर बिडापेक्षां कमी उष्णतेवर वितळतें. कमतरता ज्ञानाची नाहीं. कलावंत व मोल्डर यांची गांठ पडत नाहीं, एवढीच आहे.

कलावंतांचीहि वाण नाहीं. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरास कलापूर हें नांव मिळवून दिलें. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट व कलानिकेतन या संस्थांतून चित्रकार बाहेर पडत आले आहेत. कावळा नाक्यावरील महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा बाबूरावांचे चिरंजीव रवींद्र मेस्त्री यांनीं घडविला. मागच्या पायांवर झेपावलेला तो घोडा, शिरोलीकडून शहरांत येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडतो. पिता-पुत्रांच्या या दोन कृति, एक शिवाजी चौकांत व एक शहराच्या वेशीवर, स्थानिक हातांवर विश्वास टाकला असतां काय होतें, याची साक्ष आहेत. तसेंच कणेरी मठाच्या परिसरांत ग्रामजीवनाचें जें संग्रहालय आहे, तेथें नांगरणारा शेतकरी, सुतार, कुंभार, लोहार यांच्या रंगविलेल्या सिमेंटच्या मूर्ति पाहावयास दूरदूरचे लोक प्रवेशशुल्क देऊन येतात. म्हणजे शिल्प हें केवळ खर्चाचें साधन नसून, नीट जपल्यास, स्वतःच्या जतनाचा खर्च स्वतः मिळवूंहि शकतें.

मग शिरोलीनें गाय किंवा हत्ती कां उसना घ्यावा? आपला बेंदराचा बैल आहे. तोच आकार निवडावा. मातीचा नमुना कुंभारवाड्यांतील कारागिरानें करावा, पॅटर्न व ओतकाम वसाहतींतील फौंड्र्यांनीं करावें, रंगकाम कलाविद्यालयांतील तरुणांनीं व लहान प्रतींचें रंगकाम शाळांतील मुलांनीं करावें. फायबरचा बैल दहा-पांच वर्षांत तडकेल. बिडाचा बैल गंज न चढूं दिल्यास पिढ्यान्पिढ्या टिकेल. चौथऱ्यावर आश्रयदात्याचें नांव अवश्य असावें. परंतु त्याच आकाराच्या अक्षरांत नमुना करणाऱ्याचें, ओतणाऱ्याचें आणि रंगविणाऱ्याचें नांव असावें. असा बैल पाहून एखादी मुलगी मैत्रिणीस म्हणेल, ‘हा माझ्या बाबांनीं ओतला आहे.’ त्या एका वाक्याचा मोल कोणत्याहि लिलावांत ठरणार नाहीं.

समारोप

राजाश्रय, वर्गणी, कारखान्यांचें साहाय्य आणि लिलाव, असे शिल्पाच्या द्रव्याचे चार झरे आपण पाहिले. यांपैकीं कोणताहि मार्ग स्वभावतः वाईट नाहीं. परंतु प्रत्येक मार्गास एकच कसोटी लावली पाहिजे. ज्यांच्यासाठीं शिल्प उभें राहतें त्यांस विचारलें काय, ज्यांनीं तें घडविलें त्यांस पुरतें वेतन व नांव मिळालें काय, आणि पैशाचा हिशेब कोणासहि वाचतां येईल असा ठेविला काय? या तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर तें शिल्प साध्या मातीचें असलें तरी सार्वजनिक होय. नसेल, तर तें ब्राँझचें असूनहि खाजगीच. शिल्पास पैसा लागतो हें खरें, पण पैसा हें त्याचें मोल नव्हे. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, ही शिकवण आपल्या शाळेंत आपण नेहमीं ऐकतों. कलावंत हाहि कामकरीच आहे, एवढें आपण विसरूं नये.

विद्यार्थ्यांनीं विचार करावयाचे प्रश्न

(१) आपल्या गांवांतील किंवा पेठेंतील एका पुतळ्याजवळ जाऊन त्यावरील शिळा वाचा. शिल्पकाराचें नांव आहे काय? नसल्यास वडीलधाऱ्यांस विचारून तें शोधून काढा व वहींत लिहा.

(२) आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च मागून घ्या. मूर्तीवर किती, मंडपावर किती व ध्वनिवर्धकावर किती खर्च झाला, याचें शेंकडा प्रमाण काढा.

(३) घरांत कोणी फौंड्रींत काम करीत असल्यास, कोअर म्हणजे काय व तो साच्यांत कसा बसवितात, हें त्यांच्याकडून समजून घ्या आणि त्याची आकृति काढा.

(४) वरील काल्पनिक हिशेबांत आश्रयदात्यानें १,००,००० ऐवजीं ८०,००० रुपयेच दिले, तर कोणत्या ओळींत कपात करावी? कलावंताचें मानधन व डागडुजी यांना हात न लावतां तें साधतें काय, हें करून पाहा.